‘देवासारखा’ मधला ‘सारखा’

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. समोरचा मनुष्य आपले सुखदुःख सांगत असतो आणि हा मनातल्या मनात त्याची वाक्ये तपासत असतो. माझे तसेच झाले आहे. त्यातून एका वाक्याने तर माझी कित्येक वर्षे पाठ सोडलेली नाही. ते वाक्य म्हणजे, ‘अगदी देवासारखा धावून आला हो!’

वाचकहो, हे वाक्य तुमच्याही घरात केव्हा ना केव्हा उच्चारले गेले असेल. जत्रेत चुकलेले मूल कुणी अनोळखी बाईने कडेवर घेऊन चौकीवर आणून दिले असेल. गाडीत विसरलेली दागिन्यांची पिशवी कुणी पत्ता शोधीत घरी आणून दिली असेल. परगावी, अपरात्री, भर पावसात कुणी आपले दार उघडले असेल. अशा वेळी आपल्या तोंडून हे वाक्य निघून जाते. गंमत अशी, की पहिल्या दिवशी आपण ‘देवासारखा’ असे म्हणतो. आठवड्याने तीच हकीकत शेजाऱ्यांना सांगताना आपण म्हणतो, ‘देवच भेटला म्हणा ना!’ आणि वर्षभराने, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत ती हकीकत पुन्हा निघते तेव्हा, ‘प्रत्यक्ष देव आला!’ असे तिचे रूप झालेले असते. मधला तो ‘सारखा’ कुठे गळून पडला, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तो ‘सारखा’ गळू द्यावा की जपून ठेवावा, याबद्दल आमच्या घरी चार वर्षे वाद चालला होता. तो वाद आज तुमच्यापुढे ठेवावा असे मनात आहे. पण त्याआधी तुम्हाला हिंगोलीला घेऊन जायला हवे; कारण वादाची सुरुवात तिथल्याच एका रस्त्यावर झाली.

हिंगोली जिल्हा म्हणून तसा तरुण. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. गाव मात्र जुने. निजामाच्या अमदानीत इथे हैदराबाद कंटिन्जन्ट फौजेची छावणी होती. या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. इंग्रज अधिकारीसुद्धा त्याच्याकडून माल घेत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी रीतसर परवाना मागितला आणि तो त्याला मिळालाही. कापड खरोखरच वाटेवर होते. फक्त ते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना ठार केले, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि भर छावणीत उघडपणे विकला. हा हरिसिंग त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता! छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत त्याच्या टोळीने माणसे मारली होती आणि जवळपासच पुरली होती. पुढे ती थडगी उकरली गेली, तेव्हा मेडोज टेलर तिथे हजर होते. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी ही सारी हकीकत नोंदवून ठेवली आहे.

ठगांची रीत कोणती होती? तलवार उपसून ते अंगावर येत नसत. ते वाटेत भेटत, रामराम करीत, ‘पुढचा रस्ता वाईट आहे, एकटे जाऊ नका, आमच्याबरोबर चला’ असे मायेने म्हणत. वाटसरूचा विश्वास संपादन करणारा गोड बोलका मनुष्य टोळीत मुद्दाम ठेवलेला असे; त्यांच्या सांकेतिक भाषेत त्याला ‘सोथा’ म्हणत. म्हणजे अनोळखी माणसाची आपुलकी हेच त्यांचे हत्यार होते. रुमाल नंतर यायचा.

१८३० नंतर स्लीमनसाहेबांच्या मोहिमेने ठग संपले. पण ‘वाटेत कुणावर विश्वास ठेवू नये, कुणी दिलेले खाऊ नये, कुणाच्या गाडीत बसू नये’ ही शिकवण आपण आजही मुलांना देतो, आणि ती द्यावीच लागते. तेव्हा रस्त्यावर दोन अनोळखी माणसे एकमेकांसमोर येतात, तेव्हा त्यांच्या मध्ये कुठला ना कुठला हरिसिंग उभा असतोच, हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचा.

सात वर्षांपूर्वीचा मे महिना. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मनात फार दिवसांपासून होते, की एकदा नरसीला जावे आणि मग औंढ्याला. नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव, कयाधू नदीच्या काठचे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग. शिवाय नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले ते तिथेच. देवळाबाहेर काढलेल्या नामदेवांनी मागच्या बाजूला कीर्तन मांडले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथाही तिथलीच. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. दर्शने यथासांग झाली. भाड्याची मोटार करून आम्ही संध्याकाळी औंढ्याहून हिंगोलीकडे निघालो. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. पण अर्ध्या वाटेत मोटार बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडले, आणि नेमक्या त्याच वेळी अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, “अरे, जरा जड वाटतंय.”

दिवेलागण होऊन गेली होती. अण्णांचा सदरा घामाने भिजला. मोबाईलवर एकही रेघ दिसेना. ड्रायव्हर रेंज शोधीत एका दिशेला चालू लागला आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवू लागलो. एक मोटार गेली, दुसरी गेली. दोन मोटारसायकली वेग वाढवून गेल्या. त्यांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही. अंधारात हात हलविणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीने कोण असू शकतो, हे आपण आताच पाहिले.

मग एक टेम्पो आला. हळदीच्या पोत्यांनी वरपर्यंत भरलेला. तो थांबला. हिंगोलीचा हळदीचा बाजार मोठा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामात बाजाराबाहेर वाहनांची लांबच लांब रांग लागते. रात्रीतून येऊन जो नंबर धरील त्याचा माल आधी उतरतो. टेम्पोत पन्नाशीचा एक शेतकरी होता, त्याची बायको होती आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा.

“काहून उभे राहिले?” त्याने विचारले. मी सांगितले. त्याने खाली उतरून अण्णांकडे एकदा पाहिले आणि पुढचे सगळे त्यानेच ठरविले. “बाबाला आत घ्या. ए, तू वर चढ. सर, तुम्ही पोरासंगं वर बसा.” त्याच्या बायकोने अण्णांचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून घेतले आणि पदराने ती त्यांना वारा घालू लागली. मी पोत्यांवर दोरी धरून बसलो. वाटेत तो मुलगा मला म्हणाला, “बाबा कधी रात्रीचे थांबत नाहीत. मागच्या साली आमच्या गावच्या एकाला असंच थांबवून लुटलं होतं.”

हिंगोलीत आल्यावर त्याने टेम्पो बाजाराकडे न वळविता सरळ दवाखान्याकडे घेतला. गल्ली अरुंद होती. भरलेला टेम्पो आत जाईना. तेव्हा बापलेकांनी अण्णांना दोन्हीकडून उचलून नेले. डॉक्टर बाहेर येऊन, “वेळेवर आणलंत. आता काळजी नाही,” असे म्हणेपर्यंत तो शेतकरी भिंतीला टेकून उभा होता. मी औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो आणि परत आलो, तो तिथे कुणी नव्हते. नाव विचारायचे राहिले होते. निदान डिझेलचे पैसे तरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळदीच्या बाजारात गेलो. बाजाराचे नावही संत नामदेवांचे. रस्त्यावर टेम्पोंची आणि ट्रॅक्टरांची रांग होती आणि हवेत पिवळी धूळ. मी एका हमालाला खुणा सांगू लागलो : पन्नाशीचा, सावळा, टेम्पोत हळद, बरोबर मुलगा. तो हसून म्हणाला, “सर, इथं समदे तसेच. समदे पिवळे!”

अण्णांच्या सदऱ्याला पाठीवर आणि बाहीवर हळदीचे डाग पडले होते. घरी आल्यावर आईने साबण लावला, तर ते लालभडक झाले. हळदीचा तो गुणच आहे. साबणाच्या खाराने ती लाल होते. पुढे दोन-चार उन्हांत डाग फिके होत गेले. पण अण्णांनी तो सदरा जुन्या कपड्यांत कधी टाकू दिला नाही.

आणि मग आमचा वाद सुरू झाला. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “नागनाथच आला हो!” मी म्हणे, “अण्णा, तो मनुष्य होता. त्याची हळद होती, रांगेतला नंबर होता. आपल्यापायी तो मागे पडला. वर रात्रीच्या रस्त्याचे भय होते. त्याला देव करून टाकलेत, की हे सगळे पुसले जाते. देवाला कसली आली आहे रांग?”

माझे म्हणणे मला आजही पटते. आपण उपकारकर्त्याला देव म्हणतो त्यात कृतज्ञता असते, हे खरे. पण नकळत एक सुटकाही असते. देवाने केले ते आपण कसे करणार? आपण बापडी माणसे! एकदा त्याला देव्हाऱ्यात बसविले, की रस्त्यावर थांबण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही.

अण्णा मात्र हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, “तुम्ही मराठीचे प्राध्यापक. दामाजीची गोष्ट विसरलात वाटतं!”

ती गोष्ट आपण सारे लहानपणी ऐकतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उपाशी लोकांसाठी उघडले. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला शिपाई पाठविले. इकडे दामाजी वाटेवर असताना विठू नावाचा एक महार दरबारात हजर झाला, धान्याचे पैसे त्याने मोजून दिले, पावती घेतली आणि तो निघून गेला. पुन्हा तो कुणाला दिसला नाही. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’ने ही कथा घरोघर पोचविली. पैठणलाही तसेच. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता. तो कोण होता ते तो गेल्यावर कळले.

“बघ,” अण्णा म्हणाले, “आपल्या संतांनी देव पाठवला तो कुणाच्या वेषात? ज्याला दरबारात कुणी बसायला सांगणार नाही त्याच्या. पाणक्याच्या. मग नागनाथ टेम्पोतून आला म्हटलं तर त्या माणसाचा मान वाढला की कमी झाला? मी त्याला देव म्हणतो ते एवढ्यासाठी, की त्याचा हिशेब मला चुकता करता येत नाही. पत्ता न ठेवणाऱ्या सावकाराला दुसरं काय म्हणायचं?”

हे उत्तर ऐकून मी गप्प बसलो. पण माझी शंका मिटली नव्हती. माणसे थांबतात ती का थांबतात, आणि थांबत नाहीत ती का नाहीत, याचा शोध घ्यावा असे वाटू लागले. त्या वाचनात एक प्रयोग हाती लागला. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. बायबलात एक बोधकथा आहे : लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूजवळून धर्मोपदेशक तसेच निघून जातात, थांबतो तो एक परका, तुच्छ मानलेला शमरोनी. प्रयोगातल्या काही विद्यार्थ्यांना याच कथेवर व्याख्यान द्यायला शेजारच्या इमारतीत पाठविले. वाटेत दारापाशी एक मनुष्य कण्हत, खोकत बसविलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी शेकडा ६३ थांबले. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा अवघे १०! मदतीच्या कथेवर बोलायला निघालेल्यांतही विषयामुळे म्हणावा असा फरक पडला नाही. ज्ञानापेक्षा घाई वरचढ ठरली.

हे वाचले आणि मला तो हळदीचा टेम्पो आठवला. त्या रस्त्यावर सर्वांत जास्त घाई कुणाला होती? त्यालाच!

दुसरी अडचण भीतीची. अपघातातल्या माणसाला उचलावे, तर पुढे पोलीस आणि कोर्टाच्या खेपा मागे लागतील या धास्तीने आपल्याकडे कित्येकजण पाऊल मागे घेत. केंद्र सरकारने २०१५ साली अशा मदतकर्त्यांच्या रक्षणासाठी सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बंधनकारक केले. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी नवे कलमच आले. अपघातात सापडलेल्याला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता खटल्याचे ओझे येत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. म्हणजे नाव न सांगता निघून जाण्याचा विठू महाराचा हक्क कायद्यानेसुद्धा मान्य केला म्हणायचा! प्रत्येक सुशिक्षित घरात हे कलम ठाऊक असायला हवे. तरीपण कायदा माणसाची भीती दूर करू शकतो; गाडीचा ब्रेक मात्र त्या माणसालाच दाबावा लागतो.

त्या दिवशी आम्ही ज्या नामदेवांच्या गावी जाऊन आलो, त्यांचेच पाहा. नरसीचा हा मनुष्य पायी उत्तरेत गेला. ना ती भाषा आपली, ना ते गाव. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला तो वर्षानुवर्षे राहिला, असे परंपरा सांगते. तिथल्या अनोळखी लोकांनी त्याला भाकरी दिली, आसरा दिला आणि अखेर त्याला आपला मानले. त्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, आणि पंजाबातून यात्रेकरू नरसीला येत असतात. शेकडो वर्षांपूर्वी वाटसरूला दिलेली भाकरी केवढी पुरली! ज्यांनी ती दिली त्यांची नावे मात्र कुठेही लिहिलेली नाहीत.

हिंगोलीच्या त्याच मुलखाने हरिसिंगही पाहिला आणि नामदेवही दिला. रस्ता तोच, अनोळखी माणसाची हाकही तीच : ‘चला, आमच्याबरोबर बसा.’ त्या हाकेमागे कोण आहे, हे आधी कळण्याची सोय नाही. म्हणूनच जो हाक देतो तो आणि जो तिच्यावर विश्वास टाकतो तो, असे दोघेही काहीतरी पणाला लावीत असतात. ज्याला आपण दैवयोग म्हणतो तो बहुधा या दोघांचे धाडस एकाच वेळी जुळण्याचा योग असावा.

त्या रात्रीनंतर अण्णांनी आणखी चार दिवाळ्या पाहिल्या. चारही दिवाळ्यांत आम्ही दोघांनी हा वाद घातला. शेवटच्या वर्षी मी त्यांना म्हणालो, “बरं, देव म्हणा, पण ‘सारखा’ तेवढा राहू द्या. ‘देव’ म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. ‘सारखा’ म्हटलं, की आपल्यालाही तसं होता येईल, अशी वाट राहते.” अण्णा थोडा वेळ विचार करून म्हणाले, “राहू दे तर मग. पण तू रस्त्याला थांबत जा.”

तेव्हापासून मी थांबतो. प्रत्येक वेळी भीती वाटतेच. ती गेली आहे असे खोटे सांगणार नाही. एकटा असलो तर काच पुरती खाली करीत नाही, आधी फोन लावतो, मग उतरतो. पण थांबतो. त्या शेतकऱ्याचे देणे त्याला पोचविण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. एखादे दिवशी त्याच्याच मुलाची मोटारसायकल कुठल्याशा वळणावर पडलेली असेल आणि कुणी तिसराच मनुष्य तिथे थांबेल. एवढी आशा करण्यावाचून या हिशेबाला दुसरी वही नाही.

या दिवाळीत तुम्हीही गाड्या काढाल, गावाला जाल, देवदर्शने कराल. घाई असेलच, दिवाळीत कुणाला नसते? तरी आपण उंबरठ्यावर पणती ठेवतो तिचा उजेड निम्मा घरात पडतो आणि निम्मा रस्त्यावर. त्या निम्म्या उजेडातून कोण जाणार आहे, हे आपण कधी विचारीत नाही. वाटेत कुणी हात केला, तर तेवढे आठवा.